ओसाड मठाच्या ओवऱ्या : पॅरिस ऑपेरातील भयकथा आणि पांढऱ्या बॅलेचा जन्म

बॅले म्हटले की पायाच्या बोटांच्या टोकांवर तोललेली, पांढऱ्या तलम वस्त्रातील, निळसर प्रकाशात तरंगणारी नर्तिका डोळ्यांपुढे येते, आणि हे चित्र कोवळिकीचे व निष्पापतेचे मानण्याची सवय प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना लागलेली आहे. या चित्राचा उगम मात्र परीकथेत नसून भयकथेत आहे. २१ नोव्हेंबर १८३१ रोजी पॅरिस ऑपेरा या संस्थेने जाकोमो मायरबेअर यांच्या ‘रॉबेर ल द्याब्ल’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग केला. तिच्या तिसऱ्या अंकात चांदण्यात बुडालेल्या एका उद्ध्वस्त मठाच्या ओवऱ्यांमध्ये थडग्यांची झाकणे सरकली आणि व्रतभंगाच्या पापाने शापित झालेल्या नन, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, प्रेतवस्त्रांनिशी उठून नाचू लागल्या. पांढऱ्या पोशाखातील, एकमेकींपासून वेगळ्या ओळखू न येणाऱ्या, जिवंतही नव्हेत आणि मृतही नव्हेत अशा स्त्रियांचा समूहनाच रंगमंचाच्या मध्यभागी येण्याची परंपरा या प्रवेशापासून सुरू झाली. पुढे ‘पांढरा बॅले’ या नावाने जो प्रकार सर्वांत शुद्ध आणि सर्वांत उदात्त मानला गेला, तो याच थडग्यांमधून बाहेर पडला. त्या प्रकाराचा इतिहास भयापासून दुरावत जाण्याचा इतिहास आहे, आणि तसाच तो वाचावा लागतो.

ज्या कथाप्रकाराला ‘गॉथिक’ म्हणतात, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जन्मला. गॉथिक हे मुळात टोकदार कमानींच्या मध्ययुगीन वास्तुशैलीचे नाव. परंतु होरेस वॉलपोल यांच्या १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या कादंबरीपासून जुने किल्ले, तळघरे, पडके मठ, वंशाला लागलेले शाप आणि बंदिस्त स्त्रिया यांवर उभ्या राहिलेल्या भयकथांनाही तेच नाव मिळाले. अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली, तर मॅथ्यू लुईस यांच्या १७९६ च्या ‘द मंक’ने त्यात उघड वासना आणि रक्त आणले. याच कादंबरीतील रक्ताळलेल्या ननचे भूत पुढे युरोपभर फिरत राहिले.

फ्रान्समध्ये या कथांना जी जमीन मिळाली, ती इंग्लंडमध्ये मिळणे शक्य नव्हते. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये मठवासाच्या शपथांना कायद्याची मान्यता उरली नाही, मठांच्या मालमत्ता जप्त झाल्या, आणि काही वर्षांतच ठिकठिकाणी रिकाम्या ओवऱ्या, मोडकी प्रार्थनाघरे व उघडी पडलेली थडगी दिसू लागली. म्हणजे इंग्रज वाचकाला जे कल्पनेने उभे करावे लागत होते, ते पॅरिसच्या रहिवाशाला घराजवळच्या गल्लीत पाहायला मिळत होते. एतिएन-गास्पार रोबर्टसन याने या परिस्थितीचा फार हुशारीने उपयोग करून घेतला. जादूचा कंदील, म्हणजे काचेवर रंगवलेले चित्र दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र, चाकांच्या गाड्यावर बसवून, धुराचा आणि अंधाराचा वापर करून भुते प्रेक्षकांच्या अंगावर धावून येत असल्याचा भास तो निर्माण करत असे. ‘फँटास्मागोरिया’ नावाचा हा खेळ त्याने १७९९ च्या आरंभापासून पॅरिसमधील कापुसिन पंथाच्या एका ओसाड मठातच मांडला, आणि त्याच्या खेळातील भुतांमध्ये ती रक्ताळलेली ननही होती. रॉबेरमधील प्रवेशाची खरी पूर्वपीठिका इथे आहे. खऱ्याखुऱ्या पडक्या मठात बसून, तिकीट काढून, खोटी भुते पाहण्याची सवय पॅरिसच्या प्रेक्षकाला त्या प्रवेशाच्या तीस वर्षे आधीच लागलेली होती.

त्यानंतर ही भुते शहराच्या रुंद रस्त्यांवरील लोकप्रिय नाट्यगृहांमध्ये शिरली. १८२० मध्ये पोर्त-सँ-मार्तँ नाट्यगृहात शार्ल नोदिए यांचा हात लागलेले ‘ल व्हांपीर’ हे नाटक आले आणि त्याने गर्दी खेचली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच कथेच्या इंग्रजी रूपासाठी नटाला भिंतीतून किंवा जमिनीतून क्षणार्धात गायब करणारे स्प्रिंगचे चोरदार बनवण्यात आले आणि त्याला ‘व्हँपायर ट्रॅप’ हेच नाव पडले. पॅरिस ऑपेरा मात्र या सगळ्यापासून अंतर राखून होता. ती सरकारी अनुदानावर चालणारी, राजदरबाराच्या आश्रयाखाली वाढलेली संस्था होती, आणि तिच्या बॅलेंमध्ये ग्रीक पुराणांतील देव-देवता, मदनाची बाळे आणि खेडुतांच्या प्रेमलीला यांचेच राज्य होते. हे अंतर १८३० च्या जुलै क्रांतीनंतर मिटले. बूर्बों घराण्याची सत्ता जाऊन लुई-फिलिप गादीवर आल्यावर ऑपेराचा कारभार अनुदानासह, पण नफ्यातोट्याच्या जबाबदारीवर, १८३१ मध्ये लुई व्हेरों यांच्याकडे सोपवण्यात आला. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले आणि खोकल्यावरच्या एका औषधाच्या विक्रीतून पैसा मिळवलेले व्हेरों यांनी अचूक ओळखले होते, की आता तिकीट काढणारा वर्ग सरदारांचा नसून व्यापारी, वकील आणि सावकार यांचा आहे, आणि या वर्गाचे मन भूतखेतांच्या नाटकांवर पोसले गेले आहे. ऑपेराने भयकथा घेतली ती कोणा एका कलावंताच्या ध्यासापोटी नव्हे. बदललेल्या प्रेक्षकाला ओळखणाऱ्या व्यवस्थापकाच्या निर्णयातून ती आली. मात्र त्या निर्णयाला साजेशी साधने आणि माणसे त्या क्षणी एकाच छपराखाली असणे हा कलेच्या इतिहासातील दुर्मीळ योग म्हणावा लागेल.

त्यांतील पहिले साधन प्रकाश. ल पेल्तिए रस्त्यावरील ऑपेरागृह १८२१ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी अल्लाउद्दीनच्या दिव्यावरील संगीतिकेच्या निमित्ताने तेथे गॅसचे दिवे आले. त्या संगीतिकेच्या नेपथ्यावर पिएर सिसेरी आणि पुढे छायाचित्रणाच्या शोधामुळे प्रसिद्धीस आलेले लुई दागेर या दोघांनी काम केले होते. तेलाच्या दिव्यांची ज्योत कमी-जास्त करायची तर एकेका दिव्यापाशी जावे लागे, उलट गॅसचा पुरवठा नळीवरच्या तोटीने आवळता किंवा सैल करता येत असल्यामुळे संपूर्ण रंगमंच हळूहळू अंधारात नेणे आणि तितक्याच हळूहळू उजळणे शक्य झाले. रंगमंचावरचे चांदणे हा शोध याच तोटीचा आहे. मठाच्या ओवऱ्यांची मूळ सूचना ऑपेराच्या रंगमांडणीचे काम पाहणारे आंरी द्यूपोन्शेल यांच्याकडून आली असे व्हेरों यांच्या काळापासून मानले जाते. सिसेरी यांनी ती चित्ररूपात आणताना कमानींच्या रांगा प्रेक्षकांच्या दृष्टीला तिरक्या उभ्या केल्या, त्यामुळे ओवऱ्या कोठे संपतात हे कळेनासे झाले, आणि वरून टांगलेल्या गॅसच्या दिव्यांचा प्रकाश कमानींच्या आडून थडग्यांवर पडू लागला.

या प्रवेशाची कथा थोडक्यात अशी. नॉर्मंडीचा सरदार रॉबेर हा एका मर्त्य स्त्रीला सैतानाच्या दूतापासून झालेला मुलगा आहे, आणि त्याचा मित्र म्हणून वावरणारा बेर्त्राम हाच त्याचा बाप आहे. संत रोझालीच्या थडग्यावरची जादूची फांदी तोडून घेण्याचे पाप रॉबेरच्या हातून घडावे म्हणून बेर्त्राम मठात पुरलेल्या शापित ननना हाक मारतो. थडग्यांवर निळ्या ज्योती फिरतात, झाकणे हलतात, आणि वाद्यवृंदात बसूनांचे, म्हणजे खोल, घोगऱ्या आवाजाच्या लाकडी सुषिर वाद्यांचे, कोरडे तुटक स्वर सुरू होतात. नन प्रथम ताठ, निर्जीव चालीने पुढे येतात, मग जिवंतपणीच्या वासना त्यांच्या अंगात परततात, बाह्य वस्त्रे गळून पडतात, पेले आणि जुगाराचे फासे बाहेर निघतात, आणि त्यांची मुख्य एलेन रॉबेरला क्रमाने मद्य, जुगार आणि प्रेम यांच्या मोहात पाडते. फांदी तुटताच गर्जना होते आणि सगळ्या पुन्हा प्रेते होतात. मायरबेअर यांच्या संगीताचे वैशिष्ट्य असे, की भय दाखवण्यासाठी त्यांनी आवाज वाढवला नाही, तर वाद्ये कमी केली. त्या काळच्या ऑपेराच्या कानाला हा विरळपणा गडगडाटापेक्षाही अपरिचित होता.

एलेनच्या भूमिकेत मारी ताल्योनी होत्या आणि नृत्यरचना त्यांचे वडील फिलिप्पो ताल्योनी यांची होती. वडिलांच्या कठोर शिस्तीखाली रोज कित्येक तास सराव करून मारी यांनी बोटांच्या टोकांवर उभे राहण्याची कसरत अशी आत्मसात केली होती, की त्यात कसरतीचा मागमूसही उरू नये. टोकांवरची पावले त्यांच्याआधीही काही नर्तिका टाकत असत. परंतु त्या पावलांमागचे श्रम लपवून ती वजनहीनतेची खूण म्हणून वापरणे हे मारी यांचे कर्तृत्व होय. पहिल्या प्रयोगाच्या रात्री मात्र रंगमंचाची यंत्रे त्यांच्यावर उलटली होती. थडग्यावर निजलेल्या मारी यांच्या दिशेने वरून ढगांचा एक पडदा कोसळला आणि त्या वेळीच बाजूला झाल्या म्हणून बचावल्या. दिव्यांची एक चौकट रंगमंचावर पडली. आणि शेवटच्या अंकात रॉबेरची भूमिका करणारे तेनोर, म्हणजे उंच पट्टीचे गायक, आदोल्फ नूरी हे बेर्त्रामसाठी उघडलेल्या चोरदारातून चुकून खाली गेले. तरीही प्रयोग प्रचंड यशस्वी झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एकट्या पॅरिस ऑपेरात या संगीतिकेचे सातशेहून अधिक प्रयोग झाले.

या यशाचे मर्म एलेनच्या मोहकतेपेक्षा तिच्यामागच्या समूहात शोधले पाहिजे. ‘कोर द बॅले’, म्हणजे मुख्य नर्तकांच्या भोवती नाचणारा समूह, तोपर्यंत गावकरी, सैनिक किंवा अप्सरा अशा वेगवेगळ्या रंगीत पोशाखांत पार्श्वभूमीची शोभा वाढवत असे. मठाच्या प्रवेशात सगळ्यांचा पोशाख एक, चाल एक, आणि चेहरे अर्धवट अंधारात असल्यामुळे समूह हेच पात्र बनले. एका भुताची भीती वाटते ती ते काय करील याची; परंतु एकसारख्या पन्नास आकृत्या एकाच लयीत पुढे सरकू लागल्या की त्यांच्यात माणूसपण उरले आहे की नाही ही शंका मनाला ग्रासते, आणि ही भीती वेगळ्या जातीची असते. हा शोध भयकथेच्या गरजेतून लागला, शब्दांवाचून केवळ शरीरांच्या रांगांनी तो व्यक्त झाला, आणि म्हणूनच तो बॅलेचा स्वतःचा शोध ठरतो.

पुढचे पाऊल चारच महिन्यांत पडले. नूरी यांनीच नोदिए यांच्या ‘त्रिल्बी’ या १८२२ च्या कथेवरून एक संहिता लिहिली आणि १२ मार्च १८३२ रोजी ‘ला सिल्फिद’ रंगमंचावर आला. सिल्फिद म्हणजे वायुरूप कन्या. स्कॉटलंडमधील जेम्स या तरुणाला ती लग्नाच्या दिवशीच घराबाहेर ओढून नेते, आणि तिला धरून ठेवण्यासाठी त्याने एका चेटकिणीकडून घेतलेली ओढणी अंगाला लागताच तिचे पंख गळून ती मरते. चेटकीण, मंत्र, कढईभोवतीचा नाच ही भयकथेची सामग्री येथेही आहे, पण भयाचा केंद्रबिंदू हलला आहे. नन पापी होत्या आणि त्यांच्यापासून पुरुषाला धोका होता, तर सिल्फिद निष्पाप आहे आणि पुरुषाच्या हव्यासापासून तिला धोका आहे. पांढरा पोशाख तोच, चांदणे तेच, नर्तिकाही तीच. त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ मात्र प्रेतवस्त्रापासून पावित्र्याकडे सरकला. फिलिप्पो यांची मूळ नृत्यरचना काळाच्या ओघात हरवली, आणि आज सर्वाधिक पाहिली जाते ती ऑगस्ट बोर्नोनव्हिल यांनी १८३६ मध्ये कोपनहेगन येथे नव्या संगीतावर बसवलेली रचना.

या दोन टोकांना, म्हणजे मारणाऱ्या आणि मरणाऱ्या पांढऱ्या स्त्रीला, एकत्र आणणारा बॅले म्हणजे २८ जून १८४१ रोजी सादर झालेला ‘जिझेल’. कवी व समीक्षक तेओफील गोतिए यांनी हाइनरिख हायने यांच्या जर्मनीविषयक ग्रंथात ‘विली’ नावाच्या भुतांचे वर्णन वाचले होते. लग्नाआधीच मेलेल्या, नाचण्याची हौस अपुरी राहिलेल्या या नवऱ्या मध्यरात्री थडग्यांतून उठतात आणि वाटेत सापडलेल्या तरुणाला मरेपर्यंत नाचवतात. गोतिए यांची पहिली कल्पना व्हिक्टर ह्यूगो यांच्या एका कवितेवरून सुचलेल्या नृत्यसभेची होती. पुढे अनुभवी संहितालेखक व्हेर्न्वा द सँ-जोर्ज यांच्या मदतीने ती गावातल्या फसवल्या गेलेल्या मुलीच्या कथेत बदलली. सरदार आल्ब्रेख्त वेष पालटून जिझेलच्या प्रेमाशी खेळतो, खरे कळल्यावर ती भ्रमिष्ट होऊन मरते, आणि दुसऱ्या अंकात विलींची राणी मिर्ता तिला थडग्यातून उठवून त्याच आल्ब्रेख्तला मारण्यासाठी उभी करते. आदोल्फ आदाम यांचे संगीत, जाँ कोराल्ली व झ्यूल पेरो यांची नृत्यरचना आणि जिझेलच्या भूमिकेतील कार्लोत्ता ग्रिसी यांनी मिळून जे घडवले, ते आजतागायत अखंड नाचले जाणारे या परंपरेतील सर्वश्रेष्ठ काम आहे.

‘जिझेल’च्या पहिल्या रूपात भय आजच्यापेक्षा किती अधिक होते, हे मूळ संहिता आणि स्वरलेखन पाहिल्यावर ध्यानात येते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी फासे खेळत बसलेले शिकारी मध्यरात्रीचे ठोके ऐकून घाबरतात. विली थडग्यावरच्या क्रुसाच्या आश्रयाला गेलेल्या जोडीवर तुटून पडू पाहतात आणि क्रुसाच्या प्रभावाने मागे फेकल्या जातात, तेव्हा आदाम यांनी ‘फ्यूग’ वापरला आहे. एकच सुरावट एकामागून एक वाद्यांनी पकडत एकमेकींचा पाठलाग करण्याच्या या शास्त्रीय रचनापद्धतीतून चहूबाजूंनी वेढले जाण्याची भावना थेट कानांतून पोचते. बहुतेक आधुनिक प्रयोगांत हा फ्यूग गाळला जातो, आणि तो गाळणे ही मोठी हानी आहे, कारण त्याशिवाय विली सुंदर दिसतात, पण शिकारी वाटत नाहीत.

भारतीय वाचकाला याच मूळ संहितेत एक अनपेक्षित ओळख भेटते. मिर्ताच्या हाकेला धावून येणाऱ्या विलींमध्ये झुल्मे नावाची एक ‘बायादेर’, म्हणजे युरोपीयांच्या भाषेतील भारतीय देवदासी, आपल्या देशाच्या नृत्यमुद्रा दाखवत येते. यामागे केवळ पौर्वात्य नवलाईची फॅशन नव्हती. १८३८ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरम येथील देवदासींचा एक लहान संच पॅरिसमध्ये आला होता, आणि त्यांतील अम्मणी या नर्तिकेने गोतिए इतके भारावून गेले की त्यांनी तिच्याविषयी विस्ताराने लिहिले. जर्मन दंतकथेच्या अरण्यात भारतीय नर्तिकेचे भूत कसे, हा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकाला पडला नसावा, कारण विली हा अकाली मेलेल्या सगळ्या देशांतील नर्तिकांचा मेळा असावा अशीच गोतिए यांची कल्पना होती. पुढच्या प्रयोगांत झुल्मेचे नाव राहिले आणि तिचे देवदासीपण गळाले. सगळ्या विली एकसारख्या झाल्या.

या पांढऱ्या चांदण्याची किंमत नर्तिकांनी चुकती केली, आणि तिचा उल्लेख टाळून हा इतिहास लिहिणे योग्य होणार नाही. भुतासारखे तलम दिसण्यासाठी घागरे टार्लटनचे, म्हणजे विरळ विणीच्या, खळ दिलेल्या सुती कापडाचे, अनेक थरांचे केलेले असत. थरांमध्ये खेळणारी हवा, उघड्या ज्योतींचे गॅसदिवे आणि विंगेतील अरुंद वाटा यांचा मेळ जीवघेणा होता. १८४४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात क्लारा वेबस्टर हिच्या पोशाखाने प्रयोग चालू असतानाच पेट घेतला आणि तीन दिवसांनी ती वारली. १८६१ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका नाट्यगृहात एकीच्या पोशाखाची आग दुसरीला लागत जाऊन अनेक नर्तिका मृत्युमुखी पडल्या. फ्रान्समध्ये कार्तेरों यांनी कापड रासायनिक द्रावणात बुडवून न पेटणारे करण्याची रीत काढली होती आणि १८५९ च्या सरकारी हुकमाने ती वापरणे सक्तीचेही झाले होते. परंतु त्या द्रावणाने कापड ताठ आणि मळकट होई, तरंगण्याचा भास नाहीसा होई, म्हणून नर्तिका ती नाकारत.

एमा लिव्री यांचे प्रकरण या सगळ्याचा कळस आहे. उतारवयातील मारी ताल्योनी यांनी या विलक्षण गुणी मुलीत स्वतःची वारस पाहिली, तिला शिकवले, आणि १८६० मध्ये ओफेनबाख यांच्या संगीतावर तिच्यासाठी ‘ल पापियों’ हा बॅले रचला. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने जळतात. एमा यांनी त्याच वर्षी व्यवस्थापनाला लेखी कळवले होते, की आपण साधाच घागरा घालू आणि जे होईल त्याची जबाबदारी आपली राहील. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी दुसऱ्या एका संगीतिकेच्या तालमीत रंगमंचावर जाण्यापूर्वी घागरा सारखा करताना तो विंगेतील ज्योतीला लागला. ज्वाळांनी वेढलेल्या अवस्थेत त्या रंगमंचावर धावल्या, आग विझवणाऱ्याने त्यांना घोंगडीत गुंडाळले, आणि आठ महिने असह्य यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी, विशीतच, त्यांचा मृत्यू झाला. त्या घागऱ्याचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. नर्तिकेने स्वतः सही केली होती म्हणून दोष तिचाच, असे म्हणून हा विषय संपत नाही. जिचे मानधन, नाव आणि पुढच्या भूमिका तरंगण्यावर अवलंबून आहेत, तिच्यापुढे ताठ व मळकट घागऱ्याचा पर्याय ठेवणे म्हणजे खरा पर्याय ठेवणे नव्हे. रंगमंचाने जे सौंदर्य मागितले, तेच सुरक्षिततेच्या आड आले.

यानंतर पॅरिसमधील परंपरेला ओहोटी लागली. २५ मे १८७० रोजी आलेला ‘कोपेलिया’ हा एर्न्स्ट होफमान यांच्या १८१६ च्या ‘डेर झांडमान’ या कथेवर आधारलेला आहे. मूळ कथेत मुलांचे डोळे काढून नेणाऱ्या माणसाच्या भयाने पछाडलेला नाथानाएल एका यांत्रिक बाहुलीच्या प्रेमात पडतो, वेडा होतो आणि मनोऱ्यावरून उडी घेतो. बॅलेमध्ये मात्र हीच सामग्री म्हातारा खेळणीवाला, खट्याळ नायिका आणि शेवटी लग्नाची मेजवानी अशा हसऱ्या कथेत बदलली. युरोपातील अत्यंत अस्वस्थ करणाऱ्या कथांपैकी एक ऑपेराच्या हाती आली असता तिच्यातले भय पूर्णपणे धुऊन टाकण्यात आले, यावरून रुची किती बदलली होती ते कळते. एदगार देगा यांनी त्याच सुमारास रंगवलेल्या ‘रॉबेर’च्या चित्रातही हीच साक्ष मिळते. मागे नन पांढऱ्या धुरासारख्या फिरत आहेत, आणि पुढच्या रांगेतील एक गृहस्थ दुर्बीण लावून रंगमंचाऐवजी सज्जांमधल्या प्रेक्षकांकडे पाहत आहेत. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये ल पेल्तिए रस्त्यावरचे ते ऑपेरागृहच आगीत भस्मसात झाले. ‘जिझेल’ त्याआधीच, १८६८ नंतर, पॅरिसच्या रंगमंचावरून नाहीसा झाला होता.

तो टिकला रशियात. पहिल्या प्रयोगात आल्ब्रेख्तची भूमिका केलेल्या नर्तकाचे धाकटे बंधू मारियुस पेतिपा यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे तो जपला, समूहाच्या रांगा अधिक काटेकोर केल्या, आणि त्याच साच्यातून १८७७ मध्ये ‘ला बायादेर’मधील छायांचा प्रवेश घडवला, तेथे उतरणीवरून एकामागून एक येणाऱ्या पांढऱ्या आकृत्या कोणालाही घाबरवत नाहीत, त्या केवळ शांती देतात. १९१० मध्ये द्यागिलेव्ह यांच्या रशियन नृत्यमंडळीने कार्साविना आणि निजिन्स्की या नर्तकांना घेऊन ‘जिझेल’ पॅरिसला परत आणला, तोवर विली भुतांपेक्षा आठवणींच्या प्रतिमा झाल्या होत्या.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या अखेरीस बॅले कंपन्यांना भय पुन्हा हवेसे वाटले, तेव्हा त्यांनी ते बाहेरून, म्हणजे कादंबऱ्यांतून, मागवले. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ची शताब्दी जवळ आली तशी इंग्लंडमधील नॉर्दर्न बॅले थिएटरने १९९६ मध्ये, टेक्सासमधील ह्यूस्टन बॅलेने १९९७ मध्ये आणि कॅनडातील रॉयल विनिपेग बॅलेने १९९८ मध्ये ही कथा बसवली. ह्यूस्टनच्या प्रयोगात बेन स्टीव्हन्सन यांनी ड्रॅक्युलाच्या वधूंचा मोठा पांढरा समूह उभा केला, आणि तो पाहताना विलींचे स्मरण अटळ ठरते. २०१६ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल बॅलेने मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’वरील, लियम स्कार्लेट यांची नृत्यरचना आणि लोवेल लीबरमन यांचे संगीत असलेला पूर्ण लांबीचा बॅले सादर केला. शवविच्छेदनाचे गोलाकार सभागृह, ठिणग्या उडवणारे यंत्र आणि टाके घातलेले शरीर असा त्याचा थाट भव्य होता. परंतु त्यातील भय एकाच पुरुष-देहात साठवलेले होते आणि समूहाकडे मेजवान्यांमधली शोभा वाढवण्याचेच काम परत गेले होते. १८३१ मध्ये जो शोध लागला होता, त्याच्या अगदी उलट दिशेचे हे पाऊल होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेने मँचेस्टर येथे सादर केलेल्या नव्या ‘जिझेल’ने तो शोध पुन्हा हाती घेतला. बांगलादेशी कुटुंबातून आलेले आणि लंडनमध्ये प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकलेले अक्रम खान यांनी जिझेलचे गाव काढून तेथे बंद पडलेला कापड कारखाना आणि एका प्रचंड भिंतीपलीकडे अडवले गेलेले स्थलांतरित मजूर आणले, आणि विली म्हणजे त्या कारखान्यात मेलेल्या कामगार स्त्रिया ठरवल्या. मोकळे सुटलेले केस, हातात लांब काठ्या आणि फाटकी वस्त्रे अशा अवस्थेत त्या येतात. बोटांच्या टोकांवरची पावले मुख्यतः दुसऱ्या अंकात, या मृत स्त्रियांसाठी राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे जे तंत्र मारी ताल्योनी यांच्यानंतर हलकेपणाची खूण बनले होते, ते पुन्हा माणूसपण गमावलेल्या शरीराची खूण बनते. तलम कापडाने आणि ज्योतींनी ज्या नर्तिका घेतल्या, त्यांच्यावर बेतलेला हा बॅले नाही. परंतु कापडाच्या धंद्यात जीव गमावलेल्या बायकांचा जमाव न्याय मागायला उठतो, आणि एलेनच्या मागे उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या समूहासारखाच तो एका लयीत पुढे सरकत एका पुरुषाला घेरतो.